ड्रॉइंग उघडताना छातीत धडधडतं

चार कॅडवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारे, एकत्र बसले की किस्से निघतातच. आमच्या अंबडच्या ऑफिसातले बहुतेक किस्से एकाच वेळचे: ड्रॉइंग उघडतानाचे! आमचे सिनियर शकीलभाई. त्यांनी एक स्टार्टअप फाइल लिहिलीय. कुठलंही ड्रॉइंग उघडलं की ती आपोआप चालते, लेयर म्हणजे ड्रॉइंगचे थर लावते, अक्षरांचा साइज ठरवते. सोय मोठी आहे. पण डबल-क्लिक केलं की आम्ही सगळे श्वास रोखून बसतो.

*

एकदा शकीलभाईंनी तीत मेसेज घातला. उघडताच स्क्रीनच्या मधोमध: 'युनिट तपासलं का? मिलिमीटर की इंच?'

नेमके त्याच दिवशी ओझरहून कस्टमर आले. वैशाली मॅडमनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, मोठ्या स्क्रीनवर ड्रॉइंग उघडलं. मेसेज झळकला. कस्टमरचा चहाचा कप हवेतच थांबला.

"मॅडम, म्हणजे एरवी तपासत नाही?"

*

शकीलभाई भाचीच्या लग्नाला मालेगावला गेलेले. इकडे मॅडमनी फाइलमध्ये एक ओळ वाढवली आणि एकाही मशीनवर लेयर येईनात! दुपारी ड्रॉइंग पाठवायचं होतं. मी त्यांना फोन लावला, तर मांडवात गाण्यांचा दणदणाट. मी ओरडून ओरडून ओळ वाचून दाखवली.

"अरे, कंस उघडा राहिलाय! बंद कर! आधी बंद कर!" शकीलभाई तिकडून किंचाळले.

कंस बंद केला, लेयर आल्या. फोनवर मात्र एकदम शांतता. साउंडवाल्यानं घाबरून गाणंच बंद केलं होतं!

*

एका व्हेंडरनं पेनड्राइव्ह दिला. त्याच्या फोल्डरमध्ये भलत्याच कुणाची स्टार्टअप फाइल लपलेली. आम्ही ड्रॉइंग उघडलं, तीही मुकाट चालली आणि मशीनमागून मशीन पकडत सुटली. निम्म्या कमांड बंद! मी नेटवर्कच्या वायरी उपटल्या.

मॅडम पांढऱ्याफटक. "शकीलभाई, खरं सांगा, ही तुमचीच ना?"

"नाही हो मॅडम! माझी असती तर पहिल्याच फटक्यात एरर आली असती!"

*

आणि हा दिंडोरीचा. एका वायनरीच्या टाक्यांचं स्टँड होतं. ड्रॉइंग स्टँड बनवणाऱ्या फॅब्रिकेटरनंच काढलेलं, कटिंगही त्याच्याकडे सुरू झालेलं; आम्हाला फक्त शीट नीट लावून द्यायची होती. शकीलभाईंच्या फाइलमध्ये तेव्हा नवीन सोय आलेली: रेषेची खरी लांबी एक आणि वर हातानं टाइप केलेला आकडा दुसरा, असं असेल तर तो आकडा आपोआप लाल होतो.

मी ड्रॉइंग उघडलं. एक आकडा लाल झाला. मग दुसरा. मग अख्खी शीट लालभडक!

"या अल्लाह," शकीलभाई खुर्चीतून उठलेच. "पाय वाकडे येतील. भरलेली टाकी कुणाच्या अंगावर गेली तर?"

मॅडमनी लगेच फॅब्रिकेटरला फोन लावला. "साहेब, कटिंग थांबवा! आधी थांबवा!"

पलीकडे कुणीतरी ओरडलं. मशीनची घरघर थांबली. इकडे आम्ही तिघांनी श्वास सोडला.

"झालं काय मॅडम?"

"तुमचे सगळे आकडे आमच्याकडे लाल आलेत!"

"लाल?" साहेब निवांत हसले. "एवढंच ना? मग हिरवे करून टाका की!"