मण्यांची जास्वंद

माझी बायको मण्यांची जास्वंद करायची. अख्ख्या अंधेरीत तसं फूल दुसऱ्या कोणाच्या हातून होत नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. ज्याला खोटं वाटेल त्यानं वाटून घ्यावं. ती गेली त्याला आता एक पावसाळा उलटला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार?

पन्नास सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन ती आमच्या वाडीतल्या दोन खोल्यांत आली. घरात माझी आई, मी आणि ही. वाडीतली अर्धी घरं ख्रिस्ती, पण बोलणं मराठीच, आणि चर्चला ते देऊळच म्हणायचे. शेजारी त्यांच्यातली एक मावशी राहायची. नाताळाला वेदीवर ठेवायला ती मण्यांची फुलं करायची. हिनं ती एकदा बघितली आणि रोज दुपारी मावशीच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. तारेवर मणी ओवायचे, पाकळीएवढा वेढा घ्यायचा, बुडाशी पीळ द्यायचा, मग त्याच्या बाहेरून दुसरा वेढा. पीळ जास्त झाला की तार तुटते, कमी झाला की पाकळी लोंबते. मावशी ओरडायची, "अगं ओढू नको, तार आहे ती, नवऱ्याचा कान नाही!"

आधी मी लोखंडाची तार आणून दिली होती. भादव्याची दमट हवा. गणपतीसाठी पहिलं फूल केलं ते चार दिवसांत गंजलं, मण्यांतून तांबडं पाणी उतरलं. मावशी मला म्हणाली, "काय रे, फूल करायचंय की म्हैस बांधायचीय?" मला लागलं ते. मी पंख्याच्या मोटारींत तारेची वेटोळी भरायच्या कारखान्यात कामाला होतो. रिळाच्या शेवटी तांब्याची बारीक तार उरते, वार्निश चढवलेली. ती मालकाकडून मागून घेतली. ती ना गंजते, ना काळी पडते. तेव्हापासून तार माझी आणि हात तिचे.

तांब्याच्या तारेचं फूल पुढच्या वर्षीच्या गणपतीला झालं. आषाढात करायला घेतलं होतं. लाल काचेच्या पाच पाकळ्या, आणि मधला दांडा, त्याच्या टोकाला पिवळे मणी. तो दांडा तिनं किती वेळा उसवला ते मी बघितलंय. सरळ उभा राहिला तर म्हणायची, "हा खांब झाला." जरा बाक आला तेव्हा कुठे गप्प बसली.

आईला ते पटेना. आमच्या घरी सुनेनं जास्वंदीचं फूल स्वतःच्या हातानं वाहायचं अशी पद्धत. आई म्हणाली, "रस नाही, मध नाही. देव काय फसणार आहे?"

ही म्हणाली, "फसवायला नाही केलं, आई. परड्यातली जास्वंद संध्याकाळी मिटते. ही समईपुढे जागी राहील."

आईनं फूल उचलून उजेडात धरलं. मग म्हणाली, "वाहा."

हिनं ते मूर्तीच्या मुकुटामागे खोचलं. वाडी लोटली बघायला. रात्री समईची ज्योत हलली की काचेत आग लागल्यासारखं व्हायचं. लोक देवाला नमस्कार करायचे आणि लगेच विचारायचे, "हे कोणी केलं?" मी दाराशीच उभा असायचो. बसलोच नाही. मीच सांगायचो, "आमच्या हिनं."

गौरींबरोबर गणपती जायचे. उत्तरपूजा झाली. आईनं देवाची चांदीची कंठी काढली, तोडे काढले, डब्यात ठेवले. हार, दुर्वा, पत्री तशीच ठेवली. मुकुटामागच्या फुलाला हात लावला नाही.

मावशी दारातून म्हणाली, "अगं म्हातारे, ते काढ ना. आमची फुलं आम्ही डब्यात ठेवतो, दर नाताळाला परत लावतो."

"तुमचं तुमच्याकडे बरोबर आहे. आमच्यात दागिना काढतात, फूल नाही काढत. वाहिलेलं फूल पाण्यात जातं."

मी आवाज चढवला. "काच आहे ती! तांबं आहे! दागिनाच झाला ना तो? दोन महिने डोळे फोडलेत तिनं."

आई माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. हिला म्हणाली, "तू सांग. केलंयस तू, वाहिलंयस तू. दागिना म्हणालीस तर आत्ता काढून डब्यात ठेवते. माझं काही म्हणणं नाही."

हिनं फुलाकडे बघितलं. डोळे भरले होते, ते मी बघितले. एक शब्द बोलली असती तर फूल वाचलं असतं.

"फूल आहे," ती म्हणाली.

मला तेव्हा राग आला होता. पण त्या दोन शब्दांचा मला आजवर जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या कुठल्या गोष्टीचा वाटला नाही. पुढे ती दर वर्षी नवं फूल करत गेली, हात थरथरायला लागेपर्यंत, आणि दर वर्षी ते पाण्यात गेलं. लोक विचारतात, तिच्या हातचं घरात काही आहे का. नाही. काही नाही. रिकाम्या भिंती बघायला त्रास होतो, तो होतोच. त्याला मी काय करू? पण वाहिलेलं परत मागणारी बाई नव्हती ती.

तर त्या दिवशी, उत्तरपूजेनंतर, आम्ही मूर्ती वेसाव्याच्या किनाऱ्यावर नेली. मी छातीभर पाण्यात गेलो. मूर्ती हातात, फूल माझ्या नाकासमोर. बोटानं अलगद ओढलं असतं तर निघालं असतं. मागे वाळूत ती उभी होती. मी ओढलं नाही. तीन वेळा बुडवून देव सोडला.

बाहेर आलो तर भरती होती. लोकांनी सोडलेली फुलं लाटेबरोबर परत येत होती. झेंडू, जास्वंदी, शेवंती, सगळा लगदा पायांत. माणसं तो तुडवत घरी निघाली होती. ही वाकून त्यात बघत होती. आईही बघत होती, पदर सावरून, लाटेमागून लाट. काचेचं आणि तांब्याचं फूल, ते कुठलं तरंगायला? आलंच नाही.

आईनं हिच्या दंडाला धरलं. "तुझं तेवढं गेलं गं त्याच्याबरोबर. बाकी सगळ्यांची परत आली."

वाळूतून जरा चालल्यावर आई म्हणाली, "पुढल्या वर्षी दोन कर. गौरीला पण एक."

"मग तुमच्या लेकाला सांगा," ही म्हणाली, "तार जास्ती आणायला."