दहा ते अकरा

माझा धंदा दारांचा आहे. सुतारकाम नव्हे. ऑफिसं, दवाखाने, मुलींची वसतिगृहं यांच्या दारांवर बोट लावून किंवा कार्ड दाखवून उघडणारी कुलपं मी बसवतो. राहतो नागपुरात. सगळ्यात कठीण काम कोणतं केलं, असं कुणी विचारलं की त्याला वाटतं मी एखादी बँक सांगेन. मी सांगतो, जबलपूर, रांझी, पहिला मजला, आमच्या बापाचं घर.

बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या गेटवर पहारेकरी होते. आमचं लहानपण खमरियाच्या क्वार्टरात गेलं आणि त्या क्वार्टरालाही त्यांनी गेट करून टाकलं होतं. दाराच्या मागे एक फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले लावलेल्या चाब्या. कपाटाची, पेटीची, एवढंच काय लोणच्याच्या जाळीच्या कपाटाची चाबीसुद्धा तिथे असायची. घ्यायची असेल तर बिल्ल्याचा आकडा सांगून घ्यायची आणि दिवेलागणीच्या आत परत टांगायची. चाबी गेटबाहेर जात नाही, हा नियम. आईला शेजारी हळदीकुंकवाला जायचं असलं तरी कपाटाची चाबी कमरेला लावून जाता येत नसे.

त्यांचा सख्खा धाकटा भाऊ त्याच फॅक्टरीत कामाला होता. सुटीच्या वेळी बाबा त्याचे बूट काढायला लावत, डबा उघडायला लावत, टोपी उलटी करून बघत. बाकीच्यांचं कधीमधी हात फिरवून भागायचं, काकांचं कधीच नाही. काकांनी आमच्याकडे येणं सोडलं. आई दिवाळीला फराळाचं ताट पाठवायची, ताट धुऊन परत यायचं, निरोप यायचा नाही. बाबांना त्याचं वाईट वाटलेलं मी कधी बघितलं नाही. उलट पाहुण्यांना ते ही गोष्ट चहाबरोबर सांगायचे.

माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नसत. ती लग्नानंतर दोन वर्षांतच कटनीहून परत आली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. दार बाबांनीच उघडलं. "पाहुनी म्हणून आली का राहाले?" त्यांनी विचारलं. ती खरं बोलली. राहायला, म्हणाली. बाबांनी दार लावून घेतलं. आई आत ओट्याशी उभी होती, ती तिथेच उभी राहिली. तेव्हापासून बहीण मदन महलला स्टेशनजवळ एका खोलीत राहते आणि एका खासगी शाळेत शिकवते. आई गेली तेव्हा तिला घरात घेतलं, तेराव्यापर्यंत. चौदाव्याला सकाळी तिची बॅग जिन्यात ठेवलेली होती. मी बाबांशी भांडलो, मोठ्या आवाजात भांडलो. ते म्हणाले, "तू तिकीट काढलं ना? गाडी चुकून जाईल."

मागच्या वर्षी बाबा न्हाणीघरात पडले. आत एकटे, पुढच्या दाराला वरखाली दोन कड्या. शेजाऱ्यांनी पहारीने दार तोडलं तेव्हा कुठे बाहेर निघाले. हाड वाचलं, पण गुडघा कायमचा गेला. मी म्हटलं, नागपूरला चला. "तुह्या घरी कोनाच्या परवानगीनं उठू न् कोनाच्या परवानगीनं बसू?" असं म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा पीळ. मग मी माझी पेटी घेऊनच जबलपूरला गेलो. म्हटलं, असं कुलूप बसवू की पुन्हा कुणाला दार तोडावं लागणार नाही.

आता हे काम नीट कसं करायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चौकटीला वरती चुंबक बसतं आणि दाराला लोखंडी पट्टी. वीज चालू असेपर्यंत चुंबक पट्टीला धरून ठेवतं. पट्टी घट्ट आवळायची नाही, रबरी वायसरवर जराशी हलती ठेवायची, म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. बोट ओळखणारं यंत्र बाहेरच्या भिंतीवर, आणि आतून बाहेर यायला बटण. या बटणाची वायर यंत्रातून न्यायची नाही, थेट चुंबकाच्या विजेत घालायची. यंत्र मेलं तरी बटण दाबल्यावर दार उघडलंच पाहिजे. आतला माणूस कधीही अडकता कामा नये. बाबा पडतात म्हणून मी दोन बटणं बसवली, एक खांद्याच्या उंचीवर आणि एक जमिनीपासून वीतभर वर. बाहेरच्या भिंतीत चावीचा एक स्विच दिला, तो फिरवला की चुंबक सुटतं. त्याच्या दोन चाब्या होत्या.

बाबा खुर्ची टाकून समोर बसले होते. लाईट गेली, बॅटरीही संपली की दार आपोआप उघडं होईल, असं मी सांगितलं तेव्हा ते ताठ झाले.

"काहून? लाईट गेली का गेट खुलते? कोन्त्या गधेनं बनवलं बे हे?"

"आतला माणूस कोंडून राहू नये म्हणून, बाबा."

"आतल्या मानसाचं काय घेऊन बसला? आत माल राहते."

"इथे कुठला माल आहे?"

त्यांनी खोलीकडे नजर फिरवली. एक दिवाण, एक टीव्ही, आईचा फोटो. "घर आहे माहं," ते म्हणाले. मी बॅटरी मोठी घातली, म्हणजे ते गप्प बसतील.

मग बोटं घ्यायची होती. बहिणीला मी बोलावून घेतलं होतं, कारण त्या शहरात त्यांच्यासाठी धावून येणारं तेवढंच एक माणूस होतं. यंत्र बाहेर असल्यामुळे सगळं जिन्यातच चाललं होतं, त्यामुळे तिला आत बोलवायचा प्रश्नच आला नाही. बाबांना पहिला नंबर पाहिजे होता, आणि यंत्राचा मालकही तेच होणार होते. त्यांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. तर्जनी, मधलं बोट, दुसरा हात, पुन्हा अंगठा. म्हाताऱ्या कातडीवरच्या रेषा पुसट होतात, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट कसंबसं लागलं. मग बहिणीने बोट ठेवलं आणि एका झटक्यात हिरवा दिवा लागला. तिला हसू आलं. खूप नाही, नाकातून आल्यासारखं. पण आलं, आणि बाबांनी ते ऐकलं.

"याच्यात टाइम बसते म्हणून राहिला होता तू," ते मला म्हणाले.

मी कामाच्या ओघात बोलून गेलो होतो. कोण कोणत्या वेळेत आत येऊ शकतं ते यंत्रात ठरवता येतं. ऑफिसात सफाईवाल्यांसाठी वापरतात.

"कामवाल्या बाईले दहा ते बारा दे. तुले पूर्ण दिवस." मग बहिणीकडे न बघता, "हिले दहा ते अकरा."

"बाबा, दहाला माही शाळा असते," बहीण म्हणाली.

"मंग इतवारी ये."

मी म्हटलं, हे मी टाकणार नाही. ते म्हणाले, मग तुझं यंत्र काढ आणि कड्या लाव. काढलं असतं तर ते पुन्हा दोन कड्यांच्या मागे एकटे राहिले असते. बहिणीनेच मला खूण केली, टाक म्हणून. मी आकडे घातले आणि बाबांनी मालकाचं बोट ठेवून ते पक्के केले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझं काम आवडलेलं मी बघितलं.

निघताना एक चाबी मी घेतली, दुसरी बहिणीच्या हातात दिली आणि सांगितलं, ही पर्समध्येच ठेव, कधी काय होईल सांगता येत नाही. बाबांनी तळहात पुढे केला. तिने चाबी त्या हातावर ठेवली. आत जाऊन त्यांनी तिला बिल्ला लावला आणि फळीवर टांगली. बाहेरून दार उघडायची चाबी दाराच्या आत. जगातला कुठलाही शहाणा माणूस हे करणार नाही, पण सगळा जन्म गेटवर काढलेला माणूस करतो, आणि त्याच्या घरात वाढलेली आम्ही दोघं ते बघत उभी राहतो.

त्यानंतर बहीण दर रविवारी जायची. दहाला बोट लावायची, भाजी चिरून द्यायची, औषधं लावून द्यायची. अकरा वाजत आले की बाबा घड्याळाकडे बघायचे. आतून बाहेर पडायला वेळेचं बंधन नसतं, ती बारा वाजेपर्यंत बसली असती तरी यंत्राने काही केलं नसतं. ती अकराला उठायची.

मग या पावसाळ्यानंतरचा तो बुधवार. कामवाल्या बाईने सकाळी बहिणीला फोन केला, "दीदी, बाबूजी को चक्कर आ रहे हैं, खाना भी नहीं खाया." बहीण शाळा सुटल्यावर थेट रांझीला गेली. हातात मुगाच्या खिचडीचा डबा होता. तिने बोट लावलं. लाल दिवा. दार वाजवलं.

आतून बाबांचा आवाज आला, "कोन?"

"मी आहे, बाबा. दार खोला ना."

"किती वाजले?"

"पाच वाजून राहिले."

"तुही टाइम नाही हे. उद्या ये, दहाले."

ती खिचडीचा डबा घेऊन जिना उतरली आणि मदन महलला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून ती दहाला तिथे होती. कामवाली बाई मागोमाग जिना चढत होती. हिरवा दिवा लागला, दार ढकललं तर ते बाबांच्या पायाला अडलं. ते दाराच्या आतच आडवे पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. आदल्या दिवशी दुपारपासून तिथेच होते, कपडे ओले, ओठ फुटलेले. खालचं बटण त्यांच्या खांद्याला लागून होतं. खांदा जरा रेटला असता तर दाबलं गेलं असतं.

मला फोन आला तेव्हा ते दवाखान्यात पोचले होते. मी संध्याकाळी पोचलो. बहीण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. मी आधी यंत्राबद्दलच विचारलं, धंद्याची खोड, म्हटलं बटण चाललं नाही का?

"चालते बटण. बाईनं दाबून पाह्यलं."

"मग तुला आदल्या दिवशी काहीच कळलं नाही?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "समजलं होतं, दादा. आवाज खालून येऊन राहिला होता. जमिनीजवळून."

"मग मला फोन का नाही केलास? शेजाऱ्यांना का नाही बोलावलंस?"

"त्यांनी टाइम सांगितला होता ना."

मला राग आला होता आणि तो कुणाचा होता हे मला अजून सांगता येत नाही. म्हाताऱ्याचा होता, तिचा होता, ओट्याशी उभ्या राहिलेल्या आईचाही असेल. त्या दोघांनी मिळून एक रात्र काढली होती, एकाने जमिनीवर आणि एकीने आपल्या खोलीत, आणि हरायला कुणी तयार नव्हतं. तिला त्या रात्री झोप लागली का, ते मी विचारलं. लागली, म्हणाली.

ऑपरेशन झालं. आता पुन्हा चालणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. रविवारी बाबांचे गेटवरचे दोन जुने सोबती भेटायला आले, सफरचंदं घेऊन. बाबांना उशांवर टेकवून बसवलं होतं. बहीण पलंगाच्या कडेला बसून मोसंबीच्या फोडी सोलून त्यांना भरवत होती. हात थरथरत असल्यामुळे त्यांना स्वतःला खाता येत नव्हतं.

"ये मेरी लड़की," बाबा त्या दोघांना म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, मी खोटं सांगत नाही. "दस बोला तो दस बजे आई. एक मिनट इधर नहीं, एक मिनट उधर नहीं."

"वाह भैया, संस्कार हैं," एक सोबती म्हणाला.

बाबांनी मान डोलवली. मग माझ्याकडे वळले. "घरी गेला का हिचा टाइम वाढवून दे. संध्याकाळचा बी एक घंटा दे. चाल, दोन देऊन टाक."

मला वाटलं, संपलं एकदाचं, जिंकली पोरगी. इतक्या वर्षांत तिला त्या घरातून मिळालेलं हे पहिलंच काहीतरी होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती फोडीवरचं पांढरं साल नखाने काढत होती.

"दादा, नागपूरले जायच्या आधी माहं बोट काढून टाक त्याच्यातून," ती म्हणाली.

सोबत्यांना मराठी कळत नव्हतं, ते हसत राहिले. बाबांचा चेहरा मात्र उतरला. "काहून?" त्यांनी विचारलं. तिला काहीतरी विचारून उत्तराची वाट बघणारं ते तोंड मी पहिल्यांदाच बघत होतो.

तिने पुढची फोड त्यांच्या ओठांजवळ नेऊन धरली आणि थांबली. थोड्या वेळाने, सकाळपासून त्या फोडींखेरीज पोटात काही नसल्यामुळे, त्यांनी तोंड उघडलं.