सिंधूकाकूंचा हात

सिंधूकाकू कणकेला शिव्या घालत. मळताना, तिंबताना, अगदी वरून ओलं फडकं टाकतानासुद्धा. "सुस्त मेली, नुसती पसरून राहिली," असं त्या परातीला म्हणत आणि मधली भिंत पातळ असल्याने मला माझ्या खोलीत त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येई. मी बोरगावहून पांढुर्ण्याला कॉलेजसाठी येऊन भाड्याने राहत होते. आमच्या घरातून बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुरुवातीला वाटायचं, शेजारच्या बाई मलाच बोलतात.

काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या. गेलेल्या माणसाची आठवण शांतपणे काढावी म्हणतात. मला ते जमत नाही. त्यांची आठवण आली की मला राग येतो, आणि त्या रागात मी स्वतःलाही धरते.

आमची ओळख धुरातून झाली. एका रविवारी मी मोबाईलवर बघून होत्तोक करत होते. कोरियात थंडीच्या दिवसांत रस्त्यावर मिळणारी ही गोड पोळी. यीस्ट घालून फुगवलेला मैदा, आत साखर, दालचिनी आणि शेंगदाण्याचं कूट. माझ्या तव्यावर साखर बाहेर येऊन काळी झाली होती. काकू दार न वाजवता आत आल्या.

"काय जाळून राहिली वं?"

"होत्तोक. कोरियाची पोळी आहे, काकू."

"कोरियाची असो का काटोलची, पोळी अशी फुटत नसते. सरक."

त्यांनी माझा गोळा घेतला, पुरण भरतात तसं सारण भरलं, पिठीवर घोळला आणि पोळपाटावर लाटायला घेतला. मैदा चिकट आणि सैल. पोळी पोळपाटालाच फाटली. दुसरी तव्यावर जाऊन फाटली. तिसऱ्या वेळी काकूंनी लाटणं आपटलं.

"ह्या कणकीले हाडच नाही."

"काकू, ही लाटायची नसते. तेलाच्या हाताने गोळा भरायचा, तव्यावर ठेवायचा आणि उलटवून मग दाबायचा."

"मंग आधी सांगाले काय झालं होतं?"

"तुम्ही सांगू दिलं कुठे?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि स्टीलची वाटी मागितली. वाटीच्या बुडाला तेल लावून त्यांनी गोळा असा दाबला की तो चारी बाजूंनी सारखा पसरला, कुठे चीर नाही. पुढच्या रविवारी त्यांनी कूट जाडसर ठेवलं, वरून तीळ घातले आणि साखरेत चिमूटभर मैदा मिसळला. "साखरेले धीर नसते," त्या म्हणाल्या, "तिले धरून ठेवणारं कोणी पायजे." त्या दिवशीची पोळी मी तोडली तेव्हा आतला पाक मधासारखा दाट होता.

हा हात एके काळी गावभर ठाऊक होता. लग्नघरी पुरणपोळीला काकूंना मुद्दाम बोलावणं यायचं. काका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. ते गेले आणि बोलावणं बंद झालं. म्हणजे अगदी बंद नाही. भाजी चिरायला, भांडी विसळायला बोलवत. पूजेच्या आणि लग्नाच्या घरी चुलीवरची पहिली पोळी सवाष्णीच्या हातची लागते, म्हणून काकूंना पुरणाला हात लावू देत नसत.

"नवरा मेला," काकू एकदा वाटी दाबता दाबता म्हणाल्या. "हात मेला काय माहा?"

मग थोड्या वेळाने विचारलं, "ह्या तुह्या पोळीले नैवेद्य-बिवेद्य असते काय?"

"नाही काकू. रस्त्यावर उभ्याने खातात."

"मंग बरं हाय. कोरियाचा देव मले ओळखत नाही."

त्यानंतर दर रविवारी गल्लीतल्या मुलींना काकूंच्या हातची होत्तोक मिळू लागली. परीक्षेच्या दिवसांत माझं जेवणही त्यांच्याच घरी असायचं. मी पास झाले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे.

निकाल लागला तेव्हा बाबांनी बोरगावला सत्यनारायण घातला. मी काकूंना बोलावलं आणि म्हटलं, पाहुण्यांना तुमची होत्तोक खाऊ घालू. त्या सकाळच्या बसने आल्या, मांडीवर मैद्याचं पातेलं घेऊन. वाटेत मैदा फुगून झाकण उचलत होता, आणि बसमध्ये त्याला शिव्या दिल्या म्हणून कंडक्टर रागावला, असं त्यांनी हसत सांगितलं. अंगणात चूल मांडली. तवा तापला. काकूंनी पहिला गोळा भरून हातात घेतला, आणि माझी आत्या पुढे आली.

"थांबा नं बाई. पूजा व्हायची हाय. पहिली पोळी सवाष्णीच्या हातची पडू द्या."

प्रसादाचा शिरा आईने केव्हाच केला होता. या पोळीचा पूजेशी काही संबंध नव्हता. पण आमच्या माणसांनी कोरियाच्या पोळीलाही सोवळं नेसवलं. काकूंनी आत्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा, आई, पाहुणे, सगळे तिथेच होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी केळीची पानं पुसत राहिले.

काकूंनी गोळा परत पातेल्यात टाकला, हात पुसले आणि उठल्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तू शिकली, का नुसती पास झाली?"

आणि दुपारच्या बसने निघून गेल्या. न जेवता. मागे आत्याने तो मैदा लाटण्याने लाटला. सगळ्या पोळ्या फुटल्या. जळकी साखर पाहुण्यांनी मुकाट्याने खाल्ली, आणि मीही.

दोन दिवसांनी मी माफी मागायला गेले. काकूंनी दारातच अडवलं. "मले कायले सांगून राहिली? ज्याइच्यासमोर गप बसली, त्याइच्यासमोर बोल."

मला दोन वर्षं लागली. भावाच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि आत्या पहिल्या पोळीला कोण बसेल ती नावं काढत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, या घरात पहिली पोळी सिंधूकाकूंच्या हातची पडेल, नाहीतर मी लग्नाला उभी राहणार नाही. बाबा म्हणाले, "बोलाव त्यांना." आत्या समोरचं ताट सोडून दोन घरं पलीकडे आपल्या घरी निघून गेली.

मी तिथूनच काकूंना फोन लावला.

"सगळ्याइसमोर बोलली?"

"हो."

"बरं केलं. पण मी नाही येत. एकदा उठवली नं मले त्या चुलीवरून."

मग त्यांनी विचारलं, "आत्या जेवली काय?"

"नाही. रुसून गेली."

"मंग ताट घेऊन जाय. उपाशी माणसाशी भांडू नये. त्याले आपलं बोलणं ऐकू येत नाही, नुसतं पोट ऐकू येते."

मी ताट वाढलं आणि गेले. राग तसाच होता. आत्याने दार उघडलं, ताट पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी आत जाऊन ते तिच्यासमोर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले.

"जेवून घे," मी म्हटलं. "मग बोलू. तोवर मी इथून उठत नाही."