दोन काठ्यांवरचा तंबू

दिनांक ७ सप्टेंबर रोजी पडदेवाल्या काकूंनी बाजारातून चार हजार तीनशे साठ रुपयांचे नायलॉन आणले आणि थोरल्या नणंदेला फोन करून सांगितले की तंबू विकत घ्यायचा नाही, मी घरीच शिवते. नणंद म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "शीव बापडी. फक्त झालर लावू नकोस."

काकू तीस वर्षे पडद्यांच्या दुकानात मशीनवर बसत आल्या होत्या. त्यांचा टाका इतका बारीक, की मालक गिऱ्हाइकाला पडदा मुद्दाम उलटा करून दाखवत असे. यजमान पाणीखात्यात मीटर वाचायचे. दिवसभर दारोदार पायपीट करूनही त्यांची हौस फिटत नसे. दर वर्षी रजा काढून ते धरणापासून डोंगराच्या धारेने चालत निघत, ते थेट समुद्राशीच थांबत. काकूंना त्यांच्याबरोबर जायला कधी सवड झाली नाही. गेल्या वर्षी छातीत कळ आली म्हणून ते शेवटच्या खिंडीच्या पायथ्याहून बसने परतले. "राहिलेला तुकडा पुढच्या वर्षी. तूही चल," एवढे बोलले आणि वर्ष फिरायच्या आत गेले. तो तुकडा काकूंना चालायचा होता, आणि तोही धरणापासून सुरुवात करून, त्यांच्याच वाटेने.

नणंदही बरोबर येणार होती आणि यजमानांचा तंबू एकट्यापुरता होता, म्हणून हा दोघींच्या तंबूचा घाट. तंबू म्हणजे चहूबाजूंनी लावलेला पडदाच की, असे काकूंचे म्हणणे. मधल्या आधाराला चालायच्याच दोन काठ्या, एक यजमानांची आणि एक नवी. बैठकीच्या खोलीतले टेबल भिंतीला सरकले, कापड सोफ्यावरून दारापर्यंत पसरले. जिथे शंका तिथे काकूंनी दुहेरी शिलाई मारली. पाठपिशवीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून त्या जिने चढू-उतरू लागल्या, तेव्हा इमारतीच्या रखवालदाराने काळजीने विचारले, की काकू, जागा सोडताय का? नणंदेने निघण्याआधी तंबूवर पाण्याची नळी धरून बघ म्हणून दोनदा बजावले. काकूंना ते लागले. माझ्या शिलाईची परीक्षा घ्यायची पाळी अजून कुणावर आली नाही, असे म्हणून त्यांनी तंबू गुंडाळून ठेवला.

आणि काय चालल्या दोघी! पहिल्या दिवशी नणंदेचा बूट चावला, दुसऱ्या दिवशी काकूंचा गुडघा कुरकुरला, तिसऱ्या दिवशी दोघींनाही आपण विशीत असल्यासारखे वाटू लागले. वाऱ्यावर स्टोव्ह पेटला की काकू टाळ्या पिटत. तंबू तर असा ताठ उभा राही, की वाटेत भेटणारे थांबून विचारत, कुठून घेतला? काकू उत्तर द्यायच्या आधी नणंदच सांगून टाकी, "ही आमची वहिनी, हिने शिवलाय."

खिंडीच्या पायथ्याशी मात्र संध्याकाळीच पाऊस लागला. अर्ध्या तासात प्रत्येक शिवणीतून पाणी ठिबकू लागले. झोपायच्या पिशव्या भिजल्या. नणंद डोक्यावर ताटली धरून म्हणाली, "वहिनी, शिलाई अगदी सरळ आहे हं. थेंबसुद्धा एका ओळीत पडताहेत."

सकाळी काकूंनी कापड उजेडासमोर धरले. प्रत्येक टाक्याचे भोक चमकत होते, आणि दुहेरी शिलाईच्या जागी दुप्पट भोके. ज्या बारीक टाक्याचे आयुष्यभर कौतुक झाले, त्यानेच घात केला होता. आता उसवूनही उपयोग नव्हता. कापडाला पडलेले भोक काही बुजत नाही.

पुढे खिंड चढून उघड्या धारेवर दोन मुक्काम होते, आणि आभाळ अजून भरलेले. नणंदेने परिचारिकेच्या आवाजात निर्णय दिला, की दहाच्या बसने परत. काकूंनी तोंड फिरवले.

"ताई, हे इथूनच परतले होते. मी पण इथूनच परतू?"

नणंद वळून ओल्या पिशव्या आवळू लागली. तो तिचा भाऊ होता.

दोघी बसथांब्यावर आल्या. जवळच सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकानदार ट्यूबला ठिगळ लावत होता. काकू त्याच्या हाताकडे टक लावून बघत राहिल्या आणि एकदम उठल्या. पंक्चरच्या सोल्यूशनच्या त्याच्याकडे होत्या तेवढ्या नळ्या त्यांनी घेतल्या. तंबू फडक्याने कोरडा करून छपराखाली उलटा पसरला आणि शिवणींवर बोटाने सोल्यूशन फासायला सुरुवात केली.  नणंद पिशवीतून कापूस काढून म्हणाली, "सरक. मलम लावायची ही रीत आहे होय?"

सोल्यूशन वाळेतो पावणेदहा झाले. तंबू रस्त्याकडेला उभा केला. नणंद चष्मा घालून आत बसली. काचेवर एक जरी थेंब पडला तर मी बसमध्ये, असे तिने बजावले. दुकानदाराने वरून बादलीभर पाणी ओतले.  तेवढ्यात बस येऊन उभी राहिली. 

"अहो," आतून हाक आली, "दुसरी ओता."

दुसरी ओतली, तिसरी ओतली. बसमधले लोक खिडक्यांतून माना काढून बघू लागले. कंडक्टरने विचारले, कुणी येतंय का? नणंदेने तंबूतून डोके बाहेर काढले. काचा कोरड्या ठणठणीत होत्या. "कुणी नाही. तुम्ही निघा," ती म्हणाली. काकूंनी दुकानदाराची बादलीच कवटाळली.

खिंड दोघी जवळजवळ पळतच चढल्या. माथ्यावर काकू उजवीकडे बघत उभ्या राहिल्या. तिकडे नुसते डोंगर. समुद्र डावीकडे होता, लखलखीत, थेट आभाळाला टेकलेला. यजमान दर वर्षी मशीनसमोर बसून डावा हात पसरून तो दाखवत. काकू त्यांच्या समोर बसलेल्या, त्यामुळे त्यांचा डावा तो काकूंचा उजवा. इतकी वर्षे त्यांनी मनात समुद्र भलत्याच बाजूला धरून ठेवला होता. त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या, आणि मग डोळे पुसत बसल्या. नणंद शेजारी टेकली.

धारेवर दोन्ही मुक्कामांत पाऊस झाला. दोघी कोरड्या राहिल्या आणि ठरल्या दिवशी समुद्रात गुडघाभर उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर नणंदेने स्वतःसाठी एकटीचा तंबू शिवायला टाकला, कारण वहिनी घोरते. काकूंनी लांब टाका घालून तो शिवला. शिलाई घेतली नाही. कापडाच्या पैशांपैकी दोनशे चाळीस रुपये नणंदेकडून अजून यायचे आहेत.