बबनमामा देशाच्या पोहणाऱ्याला हरवायला यवतमाळला जातो

आर्णीहून यवतमाळला जायला आज तासभर लागतो. माझा ब्लॉग वाचून नातू म्हणतो, "आजोबा, या रस्त्यावर लिहिण्यासारखं काय आहे?" आहे ना बापा! साठ सालाच्या आसपास याच रस्त्यानं मी बबनमामाबरोबर गेलो होतो, आणि त्याचं लग्न जमणार की मोडणार हे यवतमाळच्या एका तलावात ठरणार होतं.

बबनमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, माझ्याहून थोडासाच मोठा. आमच्याकडे तेव्हा पोहणं विहिरीतच शिकायचे. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि वरून द्यायचं ढकलून! मामा तर भोपळ्याशिवाय सकाळभर विहिरीत गोल फेऱ्या मारायचा. त्याला शांता आवडायची, शांतालाही तो आवडायचा. अडचण होती तिच्या वडिलांची. देवरावजी म्हणायचे, "विहिरीत बेडकंबी पोहतेत. त्यायले देऊ का पोरगी?"

तेवढ्यात खबर आली. देशाच्या संघातून परदेशात पोहून आलेले एक पाहुणे यवतमाळला येणार होते. सकाळी तलावात शर्यत, दुपारी त्यांचं भाषण. मामा भर बाजारात बोलून बसला, "त्यायले हरवून दाखवतो!" देवरावजी म्हणाले, "हरव, मंग बोलू." आणि स्वतः बघायला निघाले. शांताची मावशी यवतमाळची, म्हणून शांताही सोबत.

पहाटेच्या एस.टी.त ते दोघं पुढं, आम्ही अगदी मागच्या बाकावर. कंडक्टर तिकीट नव्या पैशात सांगायचा आणि देवरावजी आण्यात समजून घ्यायचे, त्यामुळे पहिला मैल भांडणातच गेला. चढावर इंजिन तापलं, ड्रायव्हर बादली घेऊन नाल्यात उतरला. मामा खिडकीतून ओरडला, "तलावापुरतं पाणी ठेवजो बाप्पा!" मग त्यानं माझ्याही वाटची भाकर-ठेचा संपवला. पोहण्याआधी एवढं खाऊ नये म्हटलं, तर म्हणे, "ताकद कोठून येईन मंग?" यवतमाळच्या स्टँडवर वरून आणखी आलूबोंडे. तुम्ही गेलात तर तिथला आलूबोंडा जरूर खा, फक्त लगेच पोहू नका.

तलावावर ही गर्दी! या काठावरून उडी मारायची आणि समोरच्या काठावर रोवलेला बांबू शिवायचा. पाहुणे उंच, शांत, अंगावर पोहण्याची चड्डी. आमचा गडी लाल लंगोटात. शिट्टी वाजली आणि मामानं अशी उडी मारली की पुढच्या रांगेतल्या मंडळींचे सदरे भिजले.

खरं सांगतो, सुरुवातीला मामाच पुढं होता. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. मग पाहतो तर मामा डावीकडे चाललेला. "अरे, सरळ! सरळ!" पण त्याचं डोकं पाण्यात. आयुष्यभर विहिरीच्या भिंतीकडेनं पोहलेला माणूस, तो भिंत नसलेल्या तलावातही वळतच राहिला. पाहुण्यांना वाट देऊन बाजूला व्हावं लागलं. तिकडे त्यांनी बांबू शिवला, टाळ्या वाजल्या. इकडे मामा भला मोठा गोल पूर्ण करून जीव तोडून आमच्याच काठाला येऊन लागला. नेमका शांताच्या पायाशी. दोन्ही हात वर करून म्हणाला, "जितलो!"

"इथूनच त गेलते ना तुम्ही," शांता हळूच म्हणाली.

सगळा तलाव हसला, देवरावजी सोडून. मामाचा चेहरा पाहून मला रडू फुटलं. त्याला तडक घरी जायचं होतं, पण गाडी होती संध्याकाळची. उन्हात बसण्यापेक्षा बरं म्हणून मी त्याला ओढतच भाषणाला नेलं.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. देशाच्या संघानं परदेशात किती मेडलं मारली ते ऐकायला मंडळी हात जोडूनच बसली होती, कधी एकदा टाळ्या वाजवतो म्हणून. पाहुणे म्हणाले, "परदेशात पहिल्या स्पर्धेला गेलो, तर टाकीचा तळ दिसला. आम्ही पाण्याचा तळ कधी पाहिलाच नव्हता! भीतीनं गार झालो. पहिल्याच फेरीत बाद." लोकांचे हात खाली. "पुढच्या वेळी तळाची भीती गेली, पण पाणी एवढं थंड की दातच वाजत राहिले. पुन्हा बाद. त्याच्या पुढच्या वेळी मात्र दुसऱ्या फेरीत गेलो." टाळ्या! "तिथं बाद झालो."

मग ते हसून म्हणाले, "अन् त्याआधीची, आपल्याकडच्या तलावातली माझी पहिली शर्यत तर विचारूच नका. मी शेजाऱ्याच्या पट्ट्यात घुसून त्याच्यावर आपटलो. विहिरीतच शिकलेला ना मी. सकाळी तो लाल लंगोटवाला वळताना पाहिला आणि वाटलं, अरे, हा तर मीच!"

मामानं मान वर केली. तेवढ्यात पुढच्या रांगेत बसलेले देवरावजी उभे राहिले. "साहेब, हे वळण जाते का, का जन्मभर राह्यते?"

"जातं. मधूनमधून डोकं वर काढून पाहावं लागतं."

"तुमचं लगन झालं का?"

"झालं की."

"कधी?"

"आपटून परत आलो, त्याच वर्षी."

हॉल पोट धरून हसला. देवरावजी खाली बसले.

परतीच्या एस.टी.त ते मागं आले आणि मामाला म्हणाले, "सरक तिकडं." धोतर सावरून शेजारी बसले. मग म्हणाले, "देशाच्या गड्याले पोरगी भेटली त तुले काहून नाही भेटणार? पण घरी सरळ येत जाजो." मामाला नुसतं "हाव जी" म्हणायलाही आर्णी यावी लागली.

परवा त्याच रस्त्यानं मामाकडे जाऊन आलो. आता रस्ता गुळगुळीत आहे, इंजिनं तापत नाहीत, आलूबोंडा मात्र पूर्वीसारखा राहिला नाही. मी शर्यतीचा विषय काढला आणि नेहमीसारखा हसलो. शांतामामी चहा गाळता गाळता थांबली.

"हसू नको रे. बाकीचे समदे पलीकडं गेले. माह्याकडं आला तो हा एकलाच."

खाटेवरून मामा ओरडला, "मंग! मी तवाच सांगून राह्यलो होतो ना, जितलो म्हणून!"