खुंटीवरचा शर्ट

भाऊकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी आटगाव स्टेशनच्या बाकावर बसले होते. "घरी ये," एवढंच बाबा म्हणाले आणि मला कळलं... त्याला आता दीड महिना होईल.

भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वाशिंदला कंपनीत नोकरी, सुट्टीच्या दिवशी भातशेती. सापगावच्या आमच्या एकत्र घरात मुलांना खाऊचे पैसे तेच देत. रविवारी सकाळी ओटीवर बसत. नियम एकच : तोंडाने मागायचे आणि कशाला हवेत ते सांगायचं. त्यांचा स्वतःचा रुपेशही त्यातून सुटला नव्हता. "बॉलला," तो म्हणे. "मागच्या रविवारचा गिळलास का रे?" असं विचारून काका देत. मला मात्र मागताच येत नसे. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणींना महिन्याचा ठरलेला पॉकेटमनी मिळे, न मागता. मी ओटीच्या खांबापाशी उभी राही आणि रिकाम्या हातांनी आत जाई. "तिला इंग्लिशमधी मागायचंय, तुमाला नाय कळायचं," रुपेश एकदा म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले, मग माझ्याकडे पाहून गप्प झाले.

पुढच्या रविवारी मी खांबापर्यंतही गेले नाही. काकाच आत आले, पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खुंटीला माझा कंपनीचा शर्ट हाय, त्याच्या खिशातनं तुझं घेत जा गो. कशाला ते सांगू नको." खिशात दहाची नोट होती. मला नोकरी लागेपर्यंत दर रविवारी असे. मी मोठी होत गेले तशी नोटही. शाळेत दिवसातून वीसदा 'थँक यू' म्हणणारी मी, काकांना कधी "घेतले" एवढंही म्हटलं नाही.

तेराव्यानंतर काकू त्यांचे कपडे वाटायला काढत होती. रुपेशने तो खाकी शर्ट ओटीवर आणला. "हा कशाला ठेवलाय? कंपनी सुटून आठ वर्षं झाली."

"सुटली त्या दिवसापासनं अंगात नाय घातला त्यांनी," काकू म्हणाली. "धुवायलाबी देत नव्हते. बोलायचे, पोरीचा खिसा हाय तो."

घरात म्हणतात, ही बोलत नाही पण सगळं बघते. आठ वर्षं तो शर्ट खुंटीवरून हलला नाही, हे मी पाहिलं नव्हतं...

"मग कोणाला देऊ?" रुपेशने विचारलं.

मी खांबापाशीच होते. "मला दे," मी म्हटलं.

"तुला कशाला?"

"तिला कशाला ते नाय विचारायचं," काकू म्हणाली आणि घडी करून शर्ट माझ्या हातात ठेवला.

माझ्या खोलीत कपाट आहे. तरी त्यासाठी भिंतीला एक खुंटी ठोकून घेतली. शर्ट अजून धुतलेला नाही.