आमच्या संघटनेचा विस्तार

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी भारत होतो. युरोपातल्या एका शहरात समलिंगी तरुणांची एक आंतरराष्ट्रीय संघटना होती. तिच्या कचेरीतल्या नकाशावर भारतात एकच ठिपका होता आणि तो ठिपका म्हणजे सावेडीतली माझी भाड्याची खोली. खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की भारत हादरायचा.

पुण्यातल्या एका ओळखीच्यानं माझा पत्ता त्यांना दिला होता. मी खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचो, एवढीच माझी पात्रता. दर काही महिन्यांनी त्यांचा जाड, गुळगुळीत कागदाचा अंक यायचा आणि दर अंकात देश वाढलेले असायचे. कुठल्याही देशात एक माणूस सापडला, की तो देश 'जोडला गेला' असं छापायचे. आमच्याकडचे सोसायटीवाले खोटे सभासद दाखवताना निदान अंगठा तरी घेतात. यांना तोही नको होता. घरमालकांना मी 'आंतरराष्ट्रीय युवक संघटना' एवढंच सांगितलं होतं. ते चार लोकांत अभिमानानं माझं नाव घ्यायचे आणि मला त्या अभिमानाचीही चीड यायची.

जोडला गेलेला भारत प्रत्यक्षात दोन माणसांचा होता. दुसरा आमच्याच जिल्ह्यातल्या खर्डा गावचा. आयटीआय करून एमआयडीसीत लेथवर कामाला लागलेला. रविवारी सायकल हाणत यायचा, माझ्या स्टोव्हवर पिठलं करायचा आणि मी कांदा कसा चिरतो याला नावं ठेवायचा. आमचं एकमेकांवर प्रेम होतं. हे आज लिहितोय, तेव्हा दोघांपैकी कुणीही ते तोंडानं म्हटलेलं नव्हतं. एक तर तो कायद्यानं गुन्हा होता, आणि दुसरं म्हणजे मराठीत ते म्हणायचं कसं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

अशात घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा संघटनेचा विस्तार समन्वयक येऊन थडकला. हे म्हणे पद होतं. आमच्याच वयाचा, ताडमाड, उन्हानं लाल झालेला आणि अतिशय सज्जन. सज्जन माणसांचा मी तेव्हापासून धसका घेतलाय. चटईवर बसून त्यानं पिठलं खाल्लं, डोळे पुसले आणि माझ्या मित्राला विचारलं, आईला सांगितलंस का? मी दुभाषा. मित्र नाही म्हणाला. मग पाहुण्यानं छातीवर हात ठेवून प्रवचन सुरू केलं. तुझ्या आत जे आहे ते बाहेर येऊ दे. ते बाहेर येत नाही तोवर तू मोकळा नाहीस. त्यांची अख्खी संघटना या बाहेर येण्यावरच उभी होती. मी शब्दाला शब्द ठेवून मराठी करत गेलो.

"म्हंजी कुठून भायेर?" मित्रानं विचारलं.

हा प्रश्न मी इंग्रजीत सांगितला, तर समन्वयकाला तो इतका खोल वाटला की त्यानं डोळेच मिटून घेतले.

तो अंघोळीला गेल्यावर मी मित्राला म्हणालो, याचं ऐकू नकोस, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं काय जातंय? पण घरी त्याच्यासाठी मुली बघणं सुरू झालं होतं आणि खोटं बोलून तो पार कंटाळला होता. "सांगून टाकतो एकदाचं," तो म्हणाला. "आई हाय माजी. खाती का काय मला?" समन्वयक अंघोळीहून आल्यावर मी हे इंग्रजीत सांगितलं, तर त्यानं मित्राला कडकडून मिठी मारली आणि मग तो पुढच्या देशाच्या विस्ताराला निघून गेला.

मित्र गावी गेला. आई भाकरी थापत होती. तिच्यापुढं बसून त्यानं शिकवल्याप्रमाणं सांगितलं, "आई, माज्या आत कायतरी हाय. ल्हानपनापासनं हाय. ते आता भायेर यायचं म्हनतंय."

हे वाक्य ऐकून आमच्या जिल्ह्यातली कुठलीही आई जे करेल तेच तिनं केलं. बाहेरचं म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. ताप उतरत नाही, पोर झोपेत दचकतं, सून एकटीच हसत बसते, मग म्हातारी माणसं म्हणतात, बाहेरचं आहे. भूतबाधा. इथं तर बाधा स्वतःच बाहेर यायची परवानगी मागत होती. तिनं त्याला देवऋषाकडं नेलं. लिंबू झालं, अंगारा झाला, मिरच्यांची धुरी झाली. तरी उतरेना, तेव्हा छडी.

एमआयडीसीतल्या त्याच्या गाववाल्याकडून मला हे कळलं. मी तडक संघटनेला लिहिलं, की त्याला घरात कोंडलंय, मारतायत, मुंबईत त्याच्या राहण्याची काहीतरी सोय करा. उत्तर लगेच आलं, खोटं कशाला बोलू? ते सगळे फार हेलावले होते. एकेकट्या माणसाची सोय करणं संघटनेच्या कामात बसत नव्हतं. त्याचा एखादा फोटो मात्र त्यांना हवा होता. पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर छापून आलं, की भारताचं खेडं बोलू लागलं. खर्ड्याला वेगळा ठिपका मिळाला. माणूस कोंडलेला आणि ठिपका वाढलेला! थू! तो अंक मी खाली गिरणीवाल्याला देऊन टाकला. त्यानं तो जात्याच्या फटीला लावला आणि पीठ उडायचं थांबलं. संघटनेनं केलेलं तेवढं एक ठोस काम मी डोळ्यांनी पाहिलं.

मग एका दुपारी एक बाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. जामखेडच्या एसटीनं आलेली, पायांवर धूळ. माझं नाव विचारून खात्री केली, मी खर्ड्याच्या अमक्याची आई म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली. पाणी दिलं, घेतलं नाही.

"द्येवरुषानं इचारलं, कोन हाय तू, कुठलं हाय, बोल. लई मारलं तरी बोलंना. मंग बोललं." पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. "तुमचं नाव घेतलं. सावेडीचं म्हनलं."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मी म्हनलं, जित्या मानसाचं कसं लागंल? तर द्येवरुषी म्हनला, लागतं." तिनं हात जोडले. "काय पायजे ते मागा. कोंबडं मागा, बोकड मागा, मी आनून दीन. पन लेकराला सोडा. त्याची पाठ बगवत न्हाई मला."

घरमालकाला, संघटनेला, देवऋषाला, सगळ्यांना मी नावं ठेवत आलो होतो. या बाईला ठेवता येईनात. मला रडू आलं. तुला काय पाहिजे, असं सरळ तोंडावर मला तोवर कुणीही विचारलेलं नव्हतं.

"त्योच पायजे," मी म्हणालो. तिच्या बोलीत म्हणालो.

तिनं जोडलेले हात खाली घेतले.

"मंग हे भायेरचं न्हाई," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

त्या दिवसापासून तिनं त्याला देवऋषाकडं नेणं बंद केलं. लग्न मात्र वैशाखात लावून दिलं. पत्रिकेची मी वाट पाहिली.